एक अक्षर अधिक, एक अक्षर उणे

गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांना वृद्धापकाळी एकच चिंता होती. आपल्याजवळचे श्रुतज्ञान आपल्याबरोबरच लुप्त होईल की काय, ही ती चिंता. त्यांनी दक्षिणेकडील मुनिसंघास पत्र पाठवून दोन योग्य शिष्य मागवले. शिष्य आले. विद्या देण्यापूर्वी आचार्यांनी त्यांची परीक्षा घेतली. दोघांना एकेक मंत्र दिला आणि दोन दिवसांच्या उपवासाने तो सिद्ध करण्यास सांगितले. एका मंत्रात एक अक्षर अधिक होते, दुसऱ्यात एक अक्षर कमी होते. साधना पूर्ण झाली तेव्हा एकास दात पुढे आलेली देवी दिसली, दुसऱ्यास एका डोळ्याची. देवता विकृत असू शकत नाहीत. म्हणजे दोष मंत्रात असला पाहिजे, असे दोघांनी ताडले. मंत्रशास्त्राच्या व्याकरणानुसार त्यांनी अक्षरे दुरुस्त केली, पुन्हा जप केला आणि देवी आपल्या मूळ रूपात प्रकट झाल्या. घडला प्रकार ऐकून आचार्य संतुष्ट झाले आणि त्यांनी अध्यापनास आरंभ केला. हेच दोन शिष्य पुढे आचार्य पुष्पदंत आणि आचार्य भूतबली या नावांनी षट्खंडागमाचे कर्ते झाले.

ही कथा स्वाध्याय करणाऱ्या घरांना परिचित आहे. तिच्यातील परीक्षेचे स्वरूप मात्र लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. शिष्यांना किती पाठ आहे, हे आचार्यांनी विचारले नाही. मिळालेल्या पाठात काही चुकले असेल तर ते या दोघांना ओळखता येते का, आणि चूक शास्त्राच्या आधारे दुरुस्त करता येते का, एवढेच त्यांनी पाहिले. श्रद्धा आणि तपासणी ही दोन्ही एकाच आसनावर बसू शकतात, हे षट्खंडागमाच्या जन्मकथेतच सांगितले आहे. आणि या ग्रंथाचा आधुनिक काळातील दुसरा जन्म ज्या गावी झाला ते गाव वऱ्हाडात आहे.

वऱ्हाडातील कार्यालय

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर नांदगाव पेठ लागते. औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने आणि औष्णिक वीज केंद्र यांमुळे हे गाव आज ओळखले जाते. येथील आणि आसपासच्या गावांतील मुले उच्च शिक्षणासाठी अमरावतीच्या ज्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत जातात, ती संस्था १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज या नावाने सुरू झाली. त्या महाविद्यालयात डॉ. हीरालालजी जैन संस्कृतचे प्राध्यापक होते. नरसिंहपूर जिल्ह्यातून आलेल्या या विद्वानाने कारंजा येथील जैन भांडारांतील हस्तलिखितांची पाहणी केली होती. रायबहादुर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची प्रसिद्ध केली, तीत कारंज्याच्या पोथ्यांना मोठे स्थान मिळाले. पुढे ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश ग्रंथ डॉ. हीरालालजींनी संपादित केले आणि ते कारंज्याहून बाहेर पडले.

त्यानंतर त्यांनी हाती घेतले ते षट्खंडागमाचे काम. विदिशेचे श्रीमंत शेठ लक्ष्मीचंद्र यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जैन साहित्योद्धारक फंडाचे कार्यालय अमरावतीस होते. आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेसह षट्खंडागमाचा पहिला भाग तेथून १९३९ साली प्रसिद्ध झाला. मूळ प्राकृत पाठ, त्याखाली हिंदी अनुवाद, तळाशी पाठभेद आणि आरंभी विस्तृत प्रस्तावना अशी त्याची मांडणी होती. पंडित फूलचंद्रजी शास्त्री आणि पंडित हीरालालजी सिद्धांतशास्त्री हे या कामातील सहकारी. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे साहाय्य होतेच. सोळा भागांचे हे कार्य पूर्ण होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. या कालावधीत महायुद्ध आले, कागदाची टंचाई आली, संपादकांची नोकरी नागपुरास गेली. काम मात्र थांबले नाही.

मूडबिद्रीची पेटी

हा ग्रंथ अमरावतीस पोहोचला कसा, याची हकीकत स्वतंत्र लेखाची आहे; येथे तिचा सारांश पुरेसा होईल. धवलेच्या ताडपत्री पोथ्या दक्षिण कानडा जिल्ह्यातील मूडबिद्रीच्या वसदीत होत्या आणि त्यांची लिपी जुनी कानडी होती. यात्रेकरू जात, पोथ्यांचे दर्शन घेत, अक्षता वाहत आणि परत येत. ती वाचणारे फारच थोडे उरले होते. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पोथ्यांच्या प्रती करून घेण्याचा आग्रह धरला. १८९६ च्या सुमारास सुरू झालेले नकलांचे काम पुढील पंचवीसएक वर्षे रेंगाळत चालले. प्रती तयार झाल्या, पण त्याही मूडबिद्रीतच राहाव्यात असा तेथील निर्बंध होता.

नकला करणाऱ्यांत मिरजेचे पंडित गजपती उपाध्याय होते. अधिकृत प्रत करीत असतानाच त्यांनी गुप्तपणे आणखी एक कानडी प्रत तयार केली. या लेखनात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचाही हातभार होता, असे सांगितले जाते. ती प्रत सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादजींकडे गेली. तेथे तिचे देवनागरीत लिप्यंतर झाले, आणि लिप्यंतर करणाऱ्या पंडित सीताराम शास्त्रींकडून पुढे आणखी प्रती निघाल्या. अमरावती आणि कारंजा येथे आलेल्या प्रती याच परंपरेतील होत.

या प्रसंगाकडे अचौर्यव्रताच्या दृष्टीने पाहावे की शास्त्रदानाच्या? न देता घेतलेली वस्तू ती अदत्त, हे सूत्र प्रत्येक श्रावकास ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूस, ज्ञान अडवून ठेवणे हे ज्ञानावरण कर्माच्या आस्रवाचे कारण आहे, हेही तत्त्वार्थसूत्राच्या वाचकांस ठाऊक आहे. दोन्ही विधाने खरी असताना निर्णय कसा करावा, हा प्रश्न तेव्हाच्या समाजापुढे होता. पहिला भाग प्रसिद्ध झाल्यावर त्याचे उत्तर मूडबिद्रीकरांनीच दिले. तेथील भट्टारक आणि विश्वस्त यांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची अनुमती दिली, आणि पुढील भागांत त्या ताडणीचे फलित छापले गेले. पेटी उघडल्याने ग्रंथाचे पावित्र्य उणे झाले नाही. उलट पाठ अधिक शुद्ध झाला.

गोल लोक की चौकोनी?

ग्रंथ वाचू लागल्यावर संपादकांपुढे पहिली अडचण आली ती गणिताची. तिसरा भाग ‘द्रव्यप्रमाणानुगम’ म्हणजे जीवांच्या संख्येचा आणि चौथा ‘क्षेत्रानुगम’ म्हणजे त्यांच्या व्याप्तीचा. यांतील भाषा प्राकृत असली तरी विषय निव्वळ गणिताचा. संस्कृतच्या प्राध्यापकाने तेथे गणितज्ञांकडे धाव घेतली. लखनौ विद्यापीठातील डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील इंग्रजी निबंध १९४२ साली चौथ्या भागात प्रसिद्ध झाला. बिभूतिभूषण दत्त यांच्यासह हिंदू गणिताचा इतिहास लिहिणारे हेच ते सिंह.

त्यांनी दाखवून दिलेल्या गोष्टी आजही चकित करतात. एखादी संख्या कितीदा निम्मी करता येते, याला धवलेत ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. बत्तीसचे अर्धच्छेद पाच; कारण ३२, १६, ८, ४, २, १. आजच्या विद्यार्थ्याला हे दोन या पायाचे लॉगरिदम म्हणून शिकवले जाते. तीनने भागत जाण्यास ‘त्रिकच्छेद’ आणि चारने भागत जाण्यास ‘चतुर्थच्छेद’ अशी नावे आहेत. संख्या तिच्याच घातास चढवणे हे ‘वर्गितसंवर्गित’. दोनचे पहिले वर्गितसंवर्गित चार, दुसरे २५६. तिसरे २५६ चा २५६ वा घात, म्हणजे ६१७ अंकांची संख्या. अनंतासंबंधी बोलताना ‘मोजता येत नाही’ एवढ्यावर न थांबता, कोणता अनंत कोणत्या अनंताहून मोठा, असा प्रश्न या ग्रंथाने केला.

त्याहून महत्त्वाचे आहे ते लोकाच्या आकाराचे प्रकरण. विश्वाच्या रचनेविषयी एखादे विधान केले, तर त्यातून निघणारी संख्या मोजून ते विधान तपासता येते का? आजच्या गणिती भौतिकीचा हाच व्यवसाय आहे. वीरसेन स्वामींनी नवव्या शतकाच्या आरंभी तो केला. (धवलेची समाप्ती डॉ. हीरालालजींच्या मते शके ७३८, म्हणजे इ. स. ८१६ ची.) परंपरेने लोकाचे घनफळ ३४३ घनराजू सांगितले आहे, म्हणजे सातचा घन. लोक मृदंगासारखा, तळाशी रुंद, मध्ये निरुंद, वर पुन्हा फुगलेला, असे वर्णन होते. काही जण त्यावरून तो सर्व बाजूंनी गोल आहे असे मानत. वीरसेनांनी तो गोल धरून घनफळ काढून पाहिले. ते ३४३ च्या निम्मेही भरले नाही.

मग त्यांनी दुसरा आकार घेतला. पूर्व-पश्चिम रुंदी तळाशी ७ राजू, मध्यलोकापाशी १, ब्रह्मलोकापाशी ५, शिखरावर पुन्हा १. एकूण उंची १४. आणि उत्तर-दक्षिण जाडी मात्र सर्वत्र ७. आता हिशेब कोणत्याही शाळकरी मुलास जमेल. अधोलोकाची सरासरी रुंदी ७ आणि १ यांच्या मधली, म्हणजे ४, उंची ७, जाडी ७, घनफळ १९६. ऊर्ध्वलोकाचे दोन सारखे भाग, प्रत्येकाची सरासरी रुंदी ३, उंची साडेतीन, जाडी ७. प्रत्येकी साडेत्र्याहत्तर, मिळून १४७. एकशे शहाण्णव आणि एकशे सत्तेचाळीस मिळून बरोबर ३४३.

आजचे खगोलशास्त्र विश्वाचे जे चित्र रेखाटते त्याच्याशी या लोकाचा मेळ घालण्याचा खटाटोप येथे करण्याचे कारण नाही. ‘आमच्याकडे हे सर्व आधीच होते’ या वाक्याने अभ्यास संपतो, सुरू होत नाही. घेण्यासारखी आहे ती रीत: वर्णन आणि संख्या यांत विसंगती आली, तेव्हा वीरसेनांनी ती झाकली नाही. पृष्ठभर आकडेमोड करून, कोणता आकार का सोडला आणि कोणता का घेतला, हे वाचकासमोर मांडले.

याच आकडेमोडीत वर्तुळाच्या परिघाचा एक नियम येतो. व्यासास सोळाने गुणावे, त्यात सोळा मिळवावे, एकशे तेराने भागावे आणि व्यासाची तिप्पट मिळवावी. यातील ‘सोळा मिळवावे’ हा भाग काढला, तर परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ३५५ भागिले ११३ येते, आणि ते दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत अचूक आहे. तो जादा सोळा कोठून आला, याचा खल गणिताच्या इतिहासकारांना करावा लागला. मंत्रातील अधिक अक्षराची आठवण करून देणारा हा सोळा आहे.

भाषांची ये-जा

धवलेचे दुसरे दालन भाषेचे. सूत्रे शौरसेनी वळणाच्या प्राकृतात आहेत. टीका प्राकृत आणि संस्कृत यांच्या मिश्रणात आहे. एका वाक्यात प्राकृत, पुढच्यात संस्कृत, असा तिचा सहज प्रवास चालतो. वीरसेनांचे शिष्य जिनसेन यांनी जयधवलेच्या प्रशस्तीत या पद्धतीस माणिक आणि पोवळे एकत्र ओवण्याची उपमा दिली आहे. दोन भाषांत वावरणारा विद्वान कसा लिहितो, याचा हा अकराशे वर्षांपूर्वीचा भरघोस नमुना होय.

या ग्रंथाचा भौगोलिक प्रवासही तसाच. सौराष्ट्रात शिकवलेली विद्या, वनवासी आणि द्रविड देशात रचलेली सूत्रे, राष्ट्रकूटांच्या काळातील टीका, जुन्या कानडी लिपीतील पोथ्या, मिरजेच्या पंडिताची नक्कल, सहारनपूरचे नागरी लिप्यंतर, आणि अखेर मराठी मुलखातील छापखान्यात हिंदी अनुवादासह मुद्रण. प्रत्येक टप्प्यावर भाषेने किंवा लिपीने काही दिले आणि काही हरवले. जुन्या कानडी लिपीत अक्षरापूर्वीचे टिंब कधी अनुस्वार दाखवते, तर कधी पुढील व्यंजनाचे द्वित्त. त्यामुळे एकच लेखन ‘बंध’ असेही वाचता येते आणि ‘बद्ध’ असेही. कर्मबंधावरच्या ग्रंथात या दोन शब्दांतील अंतर किती, हे सांगावयास नको. द आणि ध, प आणि व यांची गल्लत निराळीच. प्राकृत उत्तम जाणणाऱ्यालाही कानडी लिपीची सवय असल्यावाचून असे दोष उमगत नाहीत. बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे, कानडी मातृभाषेचे डॉ. उपाध्ये या कामी किती उपयोगी पडले असतील, याची कल्पना यावरून येते.

भाषा एकमेकींच्या शेजारी राहिल्या की काय होते, याचा आधुनिक अभ्यास मिरजेजवळच झाला आहे. सांगली आणि मिरज यांच्या दरम्यानच्या कुपवाड गावी जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. गावातील जैन आणि लिंगायत कुटुंबे घरी कानडी बोलत, मुसलमान कुटुंबे उर्दू, इतर काही मराठी. परस्परांतील व्यवहाराची भाषा बहुधा मराठी. शतकानुशतकांच्या शेजाराने या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की, एका भाषेतील वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत नेता येई. शब्द मात्र प्रत्येकाने आपापले जपले. घराची ओळख शब्दांत राहिली आणि शेजाराची ओळख वाक्याच्या घडणीत. जगभरच्या भाषाशास्त्र विभागांत आज कुपवाडचे नाव घेतले जाते. त्या उदाहरणाच्या केंद्रस्थानी कानडी बोलणारी जैन कुटुंबे आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

वऱ्हाडही या ये-जेतून सुटलेले नाही. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या प्राकृत व्याकरणात एक स्वतंत्र सूत्र ‘अचलपूर’ या एका गावाच्या नावासाठी आहे. लोकांच्या बोलण्यात च आणि ल यांची अदलाबदल होऊन ‘अलचपूर’ होते, अशी नोंद ते करतात. अमरावती जिल्ह्यातील अचलपूरला जुनी माणसे एलिचपूर म्हणत, त्यामागे हेच वळण दिसते. मुक्तागिरीच्या यात्रेस जाताना आपण ज्या गावावरून जातो, त्याच्या उच्चाराची नोंद गुजरातेतील एका जैन आचार्याने आठशे वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायांशी कानडी आणि तमिळ लेखांच्या शेजारी मराठी लेख कोरलेला आहे, तोही याच परंपरेतला. जैन परंपरेने एका भाषेला धर्मभाषा ठरवून इतरांना बाहेर ठेवले नाही. जेथे गेली तेथील भाषेत तिने लिहिले.

एका शब्दाचा प्रश्न

गणित आणि भाषा यांच्या तपासणीतून मार्ग काढणाऱ्या संपादकांची खरी कसोटी पहिल्याच भागात लागली. सत्प्ररूपणेच्या ९३ व्या सूत्रात मनुष्यिणीस कोणती गुणस्थाने संभवतात याचे विवेचन आहे. हाती असलेल्या नकलांत ‘संजद’, म्हणजे संयत, हा शब्द नव्हता. पुढील टीका आणि ग्रंथातील इतर स्थळे पाहता तो तेथे असला पाहिजे, असे संपादकांस वाटले. शब्द एकच, पण स्त्रीच्या आध्यात्मिक अधिकाराविषयीच्या जुन्या वादाशी त्याचा संबंध होता. तो घातला तर एक पक्ष रुष्ट होणार, गाळला तर दुसरा.

संपादकांनी सूत्राचा पाठ नकलेत होता तसाच छापला, आणि येथे ‘संजद’ हा शब्द राहिलेला दिसतो, अशी तळटीप दिली. जे सापडले ते वर, जे वाटले ते खाली. वाद पेटला, सभा झाल्या, पत्रके निघाली. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडला गेला, तेव्हा तो शब्द मूळ पोथीत मिळाला. त्याचा अर्थ द्रव्यस्त्रीपर घ्यावा की भावस्त्रीपर, याविषयी परंपरांचे मतभेद आजही आहेत आणि ते शास्त्राधारे चालू राहतील. शब्द आहे की नाही, हा प्रश्न मात्र पोथी उघडूनच सुटण्यासारखा होता आणि तसाच तो सुटला. नकला करणाऱ्याच्या हातून एक शब्द उणा झाला होता, एवढेच. अर्धा समाज ज्या अधिकाराबद्दल विचारत होता त्याचे उत्तर शोधण्यासाठी तरी ती पेटी उघडणे आवश्यक होते.

वीरसेन स्वामींची स्वतःची वृत्ती यापेक्षा वेगळी नव्हती. दोन आचार्यपरंपरांत मतभेद आढळला आणि निर्णायक उपदेश हाती नसला, की ते दोन्ही मते नोंदवतात. कर्मप्रकृतींच्या क्षयाच्या क्रमाविषयी असाच प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा पापभीरू आचार्यांनी दोन्ही वचनांचा संग्रह करावा, असे त्यांनी सांगितले. ‘दक्षिण प्रतिपत्ती’ आणि ‘उत्तर प्रतिपत्ती’ अशा नावांनी दोन्ही परंपरांच्या संख्या ते शेजारी शेजारी देतात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली स्याद्वादाचा संबंध संख्याशास्त्राच्या पायाशी जोडून दाखवला, आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५७ साली ‘संख्या’ या नियतकालिकात स्याद्वादावर लेख लिहिला. त्या दोघांना ज्या गोष्टीचे आकर्षण वाटले ती हीच असावी: निश्चित, अनिश्चित आणि ‘सांगता येत नाही’ यांना वेगवेगळी जागा देण्याची शिस्त.

जीव मोजणे आणि जीव जपणे

तिसरे दालन जीवविचाराचे, आणि खरे पाहता पहिली दोन याच्याकडे नेणारी आहेत. षट्खंडागमाच्या पहिल्या खंडाचे नावच ‘जीवस्थान’ आहे. गती, इंद्रिये, काय, योग अशा चौदा मार्गणांतून जीवांचा शोध घ्यावयाचा. कोठे आहेत, किती आहेत, किती काळ आहेत, हे पाहावयाचे. दयेचा उपदेश करण्यापूर्वी ग्रंथ विचारतो, दया कोणावर? एकेंद्रिय वनस्पतीलाही त्या गणनेत जागा आहे. वर्गणा खंडात साधारण वनस्पतींचे वर्णन येते. तेथे अनंत जीवांचा आहार एक आणि श्वासोच्छ्वासही एक. जे दिसत नाहीत त्यांचाही हिशेब ठेवला पाहिजे, हा त्यामागचा आग्रह.

पाश्चात्त्य जगात जीवनीती या अर्थाचा शब्द १९२७ साली जर्मनीतील फ्रिट्झ यार यांनी वापरला. माणसाचे प्राण्यांशी आणि वनस्पतींशी असलेले नैतिक नाते हा त्यांच्या लेखाचा विषय होता. १९७१ साली व्हॅन रेन्सेलर पॉटर यांच्या पुस्तकाने ती संज्ञा रूढ झाली, आणि पुढे ती बहुतांशी रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांपुरती राहिली. प्रयोगांत प्राण्यांऐवजी पर्याय शोधावा, संख्या कमी करावी, वेदना कमी करावी, ही रसेल आणि बर्च यांची १९५९ ची त्रिसूत्री आज विज्ञानाचे विद्यार्थी शिकतात. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली.

या चर्चेत धवलेचे एक विवेचन मोलाचे आहे. हिंसा कशाने ठरते? प्राण गेल्याने की करणाऱ्याच्या अवस्थेने? चौदाव्या भागातील विवेचन सांगते की निर्णायक आहे तो प्रमाद. सावधपणे, यत्नपूर्वक वागणाऱ्याच्या हातून जीव गेला तरी तो हिंसक ठरत नाही. आणि बेफिकीर माणसाच्या हातून एकही जीव गेला नाही तरी तो हिंसेपासून मुक्त नाही. ही पळवाट नाही. परिणामाकडे बोट दाखवून सुटका करून घेण्याची वाट यामुळे बंद होते. कारण ‘काही झाले नाही ना?’ हा प्रश्नच येथे अपुरा ठरतो.

वऱ्हाडात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. चर्चा झाली ती औषधाचे मिश्रण, फवारणीचे पंप, तोंडावर मास्क नसणे आणि छातीपर्यंत वाढलेली कपाशी यांची. मारायचे ठरवले होते ते किडीला, आणि गेली माणसे. किडीच्या हिंसेविषयी श्रावक शेतकरी काय भूमिका घेतो, हा एक प्रश्न. मजुराच्या हाती पंप देताना हातमोजे आणि मास्क देण्याची आठवण कोणास राहिली नाही, हा दुसरा. धवलेच्या भाषेत दुसऱ्याचे नाव प्रमाद. वऱ्हाडचा कापूस विकत घेणारा व्यापारी, औषधांचे दुकान चालवणारा दुकानदार, शेत वाट्याने देणारा मालक, यांत आपल्या समाजातील कुटुंबे आहेत. पाणी गाळून पिणाऱ्या घराने, आपल्या दुकानातून जाणारी बाटली कोण, कशी वापरणार, हे विचारणे हा त्याच व्रताचा विस्तार आहे. विज्ञान मात्रा सांगेल, बाटलीवरची सूचना मजुराला कळणाऱ्या भाषेत लिहिणे हे भाषेचे काम, आणि ती वाचून दाखवण्याची काळजी घेणे हा धर्म. तिन्हींपैकी एक उणे राहिले तरी माणूस जातो.

घरच्या घरी

डॉ. हीरालालजी पुढे वैशालीच्या प्राकृत संस्थेचे संचालक झाले आणि १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या संपादनाच्या पुढील आवृत्त्या सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने काढल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. दर्जा मिळाल्याने वाचक मिळत नाहीत. ते घरांतून तयार व्हावे लागतात.

वऱ्हाडातील घरांना यासाठी दूर जावे लागणार नाही. दहावी-अकरावीच्या मुलाबरोबर बसून लोकाचे ३४३ घनराजू कागदावर काढून पाहावेत; गोल धरले तर किती येतात, तेही त्यालाच काढू द्यावे. घरातील आजी-आजोबांच्या बोलण्यातील हिंदी, गुजराती, मारवाडी आणि वऱ्हाडी शब्द वहीत उतरवावेत. दोन पिढ्यांनी ते ऐकू येणार नाहीत. गावच्या मंदिरातील कपाटात एखादी हस्तलिखित पोथी फडक्यात बांधलेली असेल, तर तिचे नाव, पानांची संख्या, लिपी आणि अखेरच्या पानावरील तिथी टिपून ठेवावी आणि तिची छायाचित्रे जाणकारास दाखवावीत. आणि त्या पोथीत एखादे अक्षर अधिक किंवा उणे वाटले, तर ते खोडू नये. वर आहे तसे ठेवावे, खाली आपली शंका लिहावी, आणि खाली आपले नाव व तारीख घालावी.